बापलेकांची गिटार

एखाद्या वादकाच्या सुरांनी तरुण मन भारून गेले, की त्याच्यासारखे वाजविता यावे अशी इच्छा जागी होते. आणि पाठोपाठ त्याच्यासारखेच वाद्य आपल्या हाती असावे, अशी दुसरीही. पहिली इच्छा कष्टाने पुरी होते आणि दुसरी पैशाने, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडमधील ब्रायन मे या मुलाने मात्र दुसरी इच्छाही कष्टानेच पुरी केली.

१९६३ साली ब्रायन सोळा वर्षांचा होता. लंडनजवळच्या फेल्टम येथे त्याचे बेताच्या मिळकतीचे कुटुंब राहत असे. 'द शॅडोज' या वाद्यवृंदातील हँक मार्विन हे त्याचे एक दैवत. त्यांच्या हातातील लाल रंगाची अमेरिकन 'स्ट्रॅटोकास्टर' ही विजेची गिटार त्याच्या स्वप्नात येई. परंतु तिची किंमत घरच्या आवाक्याबाहेरची होती. वडील हॅरल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि हाताचे कसबी. बापलेकांनी गिटार घरीच करावयाचे ठरविले.

सुमारे दोन वर्षे हे काम चालले. जुन्या शेकोटीभोवतीच्या महोगनी चौकटीतून गिटारची दांडी कोरली गेली. लाकडात किडीने पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजविली. जुन्या टेबलाचे ओक लाकूड अंगासाठी कामी आले. आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे पडद्यांच्या खुणा झाली. तारांचा ताण कमीअधिक करून सूर हेलकाविणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा बसल्या, आणि तिच्या दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा.

परंतु ही केवळ काटकसर नव्हती. विजेच्या गिटारीत तारेचे कंपन लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे यांच्या योगे विद्युत्-प्रवाहात उतरते, आणि ध्वनिक्षेपकातून मोठे होऊन ऐकू येते. तोच ध्वनी परतून तारेवर आदळला, की सूर लांबत राहतो. जेफ बेक या वादकाने या गुणाचा केलेला उपयोग ब्रायनला मोहवीत असे; म्हणून गिटारच्या अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या गेल्या. आदर्श दुसऱ्यांचे होते. घडण मात्र स्वतःची होती. चूकही झाली. घरी गुंडाळलेली वेटोळी तार बाजूला ओढताच नको तो आवाज करू लागली; तेव्हा तेवढा भाग बाजारातून आणावा लागला.

हीच गिटार पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदात वाजली. तेथे ब्रायनचे सहकारी होते फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेले फारोख बलसारा. संगीतासाठी ब्रायनने खगोलशास्त्रातील डॉक्टरेटचे संशोधन अर्धवट सोडले, तेव्हा वडील दुखावले. ज्यांनी मुलाच्या बरोबरीने रंधा चालविला होता, त्यांनाच त्या गिटारवर मुलाने पोट भरावे हे रुचेना. बापलेकांत बराच काळ दुरावा राहिला. अखेर न्यू यॉर्कच्या 'मॅडिसन स्क्वेअर गार्डन'मध्ये हजारोंच्या गर्दीत त्यांनी मुलाचे वादन ऐकले आणि त्यांच्या मनातील अढी सुटली. १९८८ साली हॅरल्ड निवर्तले. सोडलेला प्रबंध ब्रायन मे यांनी २००७ साली पुरा करून डॉक्टरेट मिळविली. ते पाहावयास वडील नव्हते.

राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, २००२ साली, बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून ब्रायन मे यांनी राष्ट्रगीत वाजविले, ते याच गिटारवर. विकत घेणे परवडत नाही म्हणून जी जन्माला आली, तिच्या प्रतिकृती आज चाहते पैसे मोजून घेतात. त्यांचा रंग तोच असतो, आकारही तोच. पण शेकोटीच्या लाकडाची भोके आगकाड्यांनी बुजविताना बापलेकांनी घालविलेल्या संध्याकाळी त्यांत कोठून यावयाच्या? अनुकरण करावयाचेच, तर त्या संध्याकाळींचे करावे.