अप-डाऊन कुणी करायचं?

(इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'शहरात घर कुठे घ्यावं'. मी काही इस्टेट एजंट नाही. बारामतीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. माहेर इंदापूरचं, सासरही इंदापूरचंच. दोन वर्षांपूर्वी आम्ही बारामतीत राहायला आलो. ते घर शोधताना जे कळलं तेवढंच मी सांगू शकते. तुमच्यातले बरेच जण येत्या काही वर्षांत लग्न करतील, नोकरी धरतील, गाव सोडतील. त्या वेळी घरात जी चर्चा होईल, तीत भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी येतं का, मशीद किती लांब, हे सगळं विचारलं जाईल. घरातल्या मुलीला कॉलेजला जायला किती वेळ लागेल, हे मात्र कुणी विचारणार नाही. आमच्याकडेही कुणी विचारलं नव्हतं.

आधी आपाचं सांगते. आपा म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बारावी सायन्स तिने इंदापुरातच केली. तिला मायक्रोबायोलॉजी शिकायचं होतं आणि त्यासाठी बारामतीला जावं लागणार होतं. इंदापूर ते बारामती साधारण ५० किलोमीटर. निमगाव केतकी, अंथुर्णे, भवानीनगर करत यष्टी जायची. प्रवेश मिळाला, फी भरली. फी अब्बांनी आनंदाने भरली, हे मुद्दाम सांगते. आमचे अब्बा मुलींना शिकवू नये असं म्हणणाऱ्यांतले नव्हते.

अडचण प्रॅक्टिकलची होती. प्रॅक्टिकल संपायला साडेपाच वाजायचे. तिथून स्टँड, स्टँडवर वाट बघणं, मग गाडी. थंडीच्या दिवसांत ती इंदापूरला उतरायची तेव्हा आठ वाजत आलेले असायचे. अब्बा सायकल घेऊन स्टँडवर उभे असायचे. दादी रोज एकच वाक्य म्हणायची, "लडकी की जात, अंधारे में कायकू भेजना?" मोहल्ल्यातही कुणी वाईट बोललं नाही, फक्त विचारायचे, "आज लई उशीर झाला?" डिसेंबरात आपाने कॉलेज सोडलं. तिला कुणीही सोड म्हटलं नव्हतं. रोज चार तास रस्त्यावर, वर घरातल्यांचे काळजीचे चेहरे. एका पोरीने किती दिवस सहन करायचं?

आता हिशोब बघा. एका बाजूला दोन तास, दोन्ही बाजूंचे चार. कॉलेजचे २२० दिवस धरले तर वर्षाचे ८८० तास होतात, म्हणजे ३६ पूर्ण दिवस आणि रात्री. एवढा वेळ ती यष्टीत आणि स्टँडवर घालवणार होती. पाससाठी किती पैसे जातात हे आपण मोजतो. हे तास कुणाच्या वहीत लिहिलेच जात नाहीत.

मला हे मुद्दाम आज सांगायचंय, कारण फीचा प्रश्न आता बराच बदललाय. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि मराठा प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपल्यातले बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन ओबीसीत येतात. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत यष्टीचा पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या यष्टीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे पैशाची बाजू सरकारने थोडी तरी हलकी केली. ५० किलोमीटर मात्र ५० च राहिले.

(जाता जाता एक. घर बदलण्याआधी जातीच्या दाखल्याचे कागद गोळा करून ठेवा. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा हे गावातच मिळतं. एकदा गाव सुटलं की त्या कागदांसाठी चार-चार खेपा होतात. आमच्या झाल्या.)

तर आमचं घर. मुलगी सातवीत गेली तेव्हा माझी नोकरी बारामतीत होती, मी रोज अप-डाऊन करत होते. नवऱ्याचं इंदापुरात दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. सासूबाई घरी, घर स्वतःचं, भाड्याचा प्रश्न नाही. सगळ्यांना वाटत होतं की जसं चाललंय तसं चालू द्या, पोरगी दहावीपर्यंत इथेच शिकेल, पुढचं पुढे बघू. ते 'पुढचं पुढे बघू' मी आपाच्या वेळी ऐकलं होतं.

दीर कोंढव्यात राहतात, ते म्हणाले पुण्याला या. पुण्यात आपलं माणूस घर शोधायला निघालं की फिरून फिरून कोंढव्यातच पोचतं. भाडं दुप्पट, माझी नोकरी सुटणार, गॅरेज बंद करावं लागणार. तो विषय एका संध्याकाळीच संपला.

उरली बारामती. तिथे दोन पर्याय होते. एक, जुन्या गावात, आपल्या मोहल्ल्यात, नात्यातल्या लोकांच्या शेजारी दोन खोल्या, भाडं साडेपाच हजार. दुसरा, जळोची, तांदूळवाडी, रुई या भागात. ही पूर्वी वेगळी गावं होती, आता नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत. एमआयडीसी आणि भिगवण रोडवरच्या शाळा-कॉलेजांमुळे तिकडे नव्या इमारती उभ्या राहिल्यात. तिथे वन बीएचके साडेआठ हजार.

मोहल्ल्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. रात्रपाळीला जाताना पोरांना शेजारच्या खालाकडे सोडता येतं, हे ज्या बाईने केलंय तिलाच त्याची किंमत कळते. मागे कुठे काही घडलं की त्या रात्री आपल्या माणसांत असल्याचा आधार वाटतो. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातही हेच आहे. असुरक्षित वाटतं म्हणून मुसलमान एका वस्तीत गोळा होतात, आणि मग अशा वस्त्यांकडे शाळा, बँका, नागरी सोयी सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण भाड्यातला ३ हजारांचा फरक मी कागदावर मांडला. मोहल्ल्यातून मुलीची शाळा लांब, व्हॅनचे महिन्याला १५०० जाणार. माझ्या दवाखान्याला रिक्षा. फरक राहिला जेमतेम हजाराचा. आणि नवीन घरापासून शाळा पायी. अकरावी-बारावीचं कॉलेज पायी. पुढे तिला जे शिकायचं असेल त्यातलं बरंचसं सायकलच्या अंतरावर. घर बघायला जाल तेव्हा आजची शाळा बघू नका, पुढच्या आठ वर्षांच्या शाळा-कॉलेजांच्या नावांची यादी घेऊन जा. जवळची शाळा उर्दू असेल, मराठी असेल, इंग्रजी असेल, कितवीपर्यंत आहे आणि तिथून पुढे मुली कुठे जातात, हे तिथल्याच एखाद्या आईला विचारा.

ठरलं तर होतं, पण घर मिळायला सव्वातीन महिने लागले. फोनवर सगळं गोड. नाव सांगितलं की, "बघतो, घरी विचारून कळवतो." एकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही चांगल्या दिसता, पण आमच्या इमारतीत सगळे शाकाहारी आहेत हो." खाली जिन्यात मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. मी काही बोलले नाही. परत येताना मुलीने विचारलं, "आई, आपण खोटं सांगायचं का, की आपण पण खात नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

कायदा काय म्हणतो, हे मी तेव्हा एका वकील भावाला विचारलं. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, खासगी घरभाड्याचा नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला फक्त पारशीच सभासद घेण्याचा नियम ठेवू दिला. त्यामुळे घरमालकाला कोर्टात खेचणं सोपं नाही. कायदा बदलावा म्हणून आपण भांडलंच पाहिजे. पण शाळा जूनमध्ये सुरू होते.

शेवटी घर मिळालं ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका सिस्टरमुळे. त्यांनी मालकांना सांगितलं, "माझ्या बहिणीसारख्या आहेत." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तरी दहा वर्षं नोकरी करून, पगाराची स्लिप हातात असून, माझ्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी हमी द्यावी लागली, हेही विसरता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांना असे शब्द टाकणारे मित्र आहेत, त्यांनी संकोच करू नका. ते मित्र कॉलेजातच होतात. नंतर फारसे होत नाहीत.

आता कराराबद्दल. हे नीट ऐका, मुलांनो. आपल्यात भाड्याचं घर तोंडी बोलीवर घ्यायची सवय आहे, फार तर नोटरी करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे, न केल्यास शिक्षा मालकाला आहे, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. खर्च फार नाही. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक आणि शहरी भागात नोंदणीचे १ हजार रुपये. आता हे ऑनलाइन घरबसल्या होतं. माझा धाकटा पहिलीला होता तेव्हा हे मला महागात पडलं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी घरापासून शाळेचं अंतर बघतात, आधी १ किलोमीटरच्या आतले, मग १ ते ३ मधले. भाडेकरूला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो, आणि तो अर्ज भरण्याच्या आधीचा असावा लागतो. आमच्याकडे होती नोटरी. ते वर्ष गेलं. या जागाच जवळजवळ गेल्या होत्या हेही लक्षात असू द्या. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला, सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

विकत घेण्याबद्दल थोडंच बोलते, कारण आम्ही घेतलेलं नाही. व्याज नको म्हणून आपल्यातले बरेच जण कर्ज काढत नाहीत. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, मी इथे फतवा द्यायला उभी नाही. पण भिशीच्या आणि दागिन्यांच्या पैशातून रोखीने घ्यायचं म्हटलं की माणूस गावाबाहेरच्या दीड-दोन गुंठ्यांकडे वळतो. बिगरशेती आदेश बघत नाही, मंजूर लेआऊट बघत नाही, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतो. तिथे ना रस्ता येतो, ना पाणी, ना शाळेची व्हॅन. बँक कर्ज द्यायच्या आधी कागद तपासते. तुम्ही कर्ज काढणार नसाल तर तेच काम तुम्हालाच करावं लागेल. आणि सदनिका बाईच्या एकटीच्या नावावर घेतली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. हे ऐकून घरातल्या पुरुषांचे चेहरे कसे होतात तेही बघा जरा.

आमच्या घरात खरं भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून. घर बारामतीत घेतलं म्हणजे गॅरेजला जायला नवऱ्याला रोज १०० किलोमीटर. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या शाळेसाठी माझ्या लेकाने रोज रस्त्यावर मरायचं?" त्यांचं चुकत नव्हतं. मोटारसायकलने गेलं तर रोजचं सव्वादोनशेचं पेट्रोल. यष्टीने गेलं तर वेळ. मी एवढंच विचारलं, "अम्मी, अप-डाऊन तर कुणालातरी करावंच लागणार. आजवर मी करत होते. उद्या पोरगी करेल. चाळीस वर्षांच्या माणसाने केलं तर काय बिघडलं?" त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. नवरा मात्र तिसऱ्या दिवशी यष्टीचा पास काढून आला.

सगळं छान झालं असं समजू नका. पालखी मार्गाच्या कामामुळे तो कित्येकदा रात्री नऊला घरी येतो. आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. ते चार दिवस तो गॅरेजमध्येच झोपतो आणि वारकऱ्यांच्या टेम्पोंचे पंक्चर काढतो. सासूबाई अर्ध्या तिकिटात येतात, आठवडा राहतात, मग त्यांना इंदापूर आठवतं. पहिल्या ईदला आमच्याकडे दुपारपर्यंत कुणीच आलं नाही. मी शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन स्वतःच चार दारं वाजवली. तीन दारांत वाटी घेतली, एका दारात "आज उपास आहे" म्हणाले. या वर्षी त्याच दारातली बाई आदल्या दिवशी विचारायला आली, किती वाजता करताय म्हणून.

गेल्या हिवाळ्यात आपा राहायला आली होती. संध्याकाळी मुलीला क्लासला सोडायला मी निघाले, तर म्हणाली, मी जाते. परत आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "बारा मिनिटं लागली." पुढे काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली.

आमचा करार मे महिन्यात संपतोय. मालक पुढे ठेवणार का, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मुलगी या वर्षी नववीत आहे. मी आतापासूनच त्याच रस्त्यावरची घरं बघायला सुरुवात केलीय, आणि या वेळी फोनवर पहिल्या वाक्यातच नाव सांगते, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो.

आता तुमचे प्रश्न घेते. मागे बसलेल्या मुलींपासून सुरू करूया.