कठीण त्वचेआडचे हृदय



सिस्टेमिक स्क्लेरोसिस हा विकार विरळा; परंतु तो ज्याच्या घरी आला, त्याला त्या विरळेपणाचे समाधान कोठून असणार?

थंडीत बोटे पांढरी, मग निळी पडतात. पॅरिसच्या मोरिस रेनो यांनी १८६२ साली वर्णिलेले हे लक्षण आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते असणाऱ्या बहुतेकांना हा रोग नसतो. ज्यांना असतो, त्यांची कातडी पुढे ताठर होते. देहाची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते, सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि तंतुमय ऊतक साचत जाते. हे केवळ त्वचेपुरते राहत नाही. १९४३ साली सोमा वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगातील हृदयविकाराचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले.

खरी अडचण ही, की हृदयातील बिघाड बराच काळ मूक असतो. धाप लागली तर दोष फुफ्फुसांकडे, थकवा आला तर वयाकडे जातो. अँजिओग्राफी निर्दोष आली, तरी निश्चिंत होता येत नाही. कारण आघात मोठ्या धमन्यांपेक्षा सूक्ष्म वाहिन्यांवर अधिक असतो. शिवाय फुफ्फुसांतील वाढलेला रक्तदाब हृदयाच्या उजव्या बाजूवर भार टाकतो, तो वेगळाच.

म्हणून शोध अनेक अंगांनी घ्यावा लागतो. धाप, धडधड, भोवळ, पायांवरील सूज यांची विचारपूस प्रथम. ईसीजी व २४ तासांचे होल्टर ठोक्यांतील अनियमितता टिपतात. इकोकार्डिओग्राम झडपा, आकुंचन-प्रसरण आणि हृदयावरणातील पाणी दाखवतो. रक्तातील ट्रोपोनिन व एनटी-प्रोबीएनपी इशारा देतात. मात्र मूत्रपिंड बिघडले तरी त्यांचे प्रमाण वाढते. आकुंचन उत्तम असूनही स्नायूत व्रण असू शकतात. ते एमआरआयमध्ये उमटतात. फुफ्फुसांतील रक्तदाबाचा अंतिम निर्णय हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालूनच होतो. एकटी कोणतीही तपासणी पुरेशी नाही.

वेळेवर निदान झाले, तर ठोक्यांची अनियमितता आवरता येते, गरजेनुसार पेसमेकर बसवता येतो, फुफ्फुसांतील रक्तदाबावरही औषधे आहेत. जमा झालेले व्रण मात्र पुसता येत नाहीत. तेव्हा अशा रुग्णाने त्रास नसतानाही हृदयाची तपासणी ठराविक काळाने करून घ्यावी, आणि घरच्यांनी त्याच्या थकव्याला आळस म्हणू नये, एवढीच माझी विनंती.