पूर्ण एक मिनिट

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो, तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्त.

नर्सच्या नोकरीसाठी वापी स्टेशनात लोखंडी ट्रंक घेऊन उतरले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तेव्हा इथे अथालला कारखाने कमी आणि भातखाचरं जास्त. घरी सगळे नाराज होते. रात्रपाळी करणारी मुलगी कोण करून घेणार? माझी दोन स्थळं याच कारणाने मोडली. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं, विधवांना नर्सिंगकडे वळवलं. त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली होती, तरी आमच्या नात्यातला प्रश्न तोच, रात्री कुठे असते ती?

आषाढाचं दुःख मात्र त्याहून मोठं. वडील वारकरी. त्यांच्याबरोबर एकदा तरी पंढरपूरला जावं म्हणून मी दरवर्षी रजेचा अर्ज द्यायची आणि दरवर्षी तो नामंजूर व्हायचा. इथला आषाढ म्हणजे जुलाब-उलट्या, मलेरिया, खाटा संपून जमिनीवर अंथरलेल्या गाद्या. एका वर्षी तर साहेबांनी अर्ज न वाचताच परत केला. ते मला अजून लागतं. रडत रडत वडिलांना पत्र लिहिलं. उत्तरात सावता माळ्याची गोष्ट आली. अरणच्या या संताने पंढरीला जायला मळा सोडला नाही, पण आषाढीनंतर पांडुरंगाची पालखी अजूनही त्याच्या भेटीला अरणला जाते. खाली वडिलांनी लिहिलं होतं, ‘तुझ्या मळ्यात आत्ता पाणी सुटलंय, तू दारं धरून राहा.’ ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे.

माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मध्येच चुकणारा ठोका त्या गुणाकारात सापडत नाही. लहान बाळाचा श्वास तर एकसारखा चालतच नाही. दोन महिन्यांच्या पुढचं, वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास घेतंय का, हे घाईत कसं कळणार? आणि तेवढं मिनिटभर माणसाकडे बघा. दिवसभर तुम्हाला रजिस्टर बोलावणार, आता कॉम्प्युटरही. अख्ख्या वॉर्डाला रात्री एकटी नर्स ठेवतात आणि सकाळी विचारतात, तक्ते अपुरे का? यावर मी भांडले, तुम्हीही भांडा. पण ते मिनिट कुणाला देऊ नका. मी एका म्हातारीचा हात धरून स्टुलावर बसले होते, तर राउंडला आलेले एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले, ‘बसायचा पगार मिळतो का?’ मी उठले. उठायला नको होतं.

त्या मिनिटाची एक गोष्ट सांगते. सिकलसेल तुम्ही शिकलात. इथल्या आदिवासी घरांत तो पिढ्यान्पिढ्या आहे. २०२३ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आमच्या वेळी नावही धड लिहीत नसत. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाडं फुटावीत तशी कळ येते. एका रात्री नऊ वर्षांचा वारली मुलगा असाच आला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मी गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावली. तो ओरडत होता. त्याची आजी खाटेजवळ जमिनीवर बसलेली. तिने तांब्यात बोट बुडवलं आणि फरशीवर रेघ ओढली. मग चौक. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून एक माणूस, मग दुसरा, मग तारपा वाजवणारा. पोरगा कुशीवर वळून बघू लागला. पहिला माणूस वाळून गेला. तिने पुन्हा काढला.

मनगटावर माझी बोटं होती, नजर घड्याळावर. एकशे बत्तीस. तिने नाचणाऱ्यांची रांग पुरी केली, ती वाळली, पुन्हा काढली. एकशे सोळा.

पहाटे फरशी कोरडी होती. आजीला भिंतीला टेकून डुलकी लागली होती. त्याने तिला हाक मारून उठवलं आणि पेज मागितली.