धबधब्याच्या वाटेची आगोट



वैशाखाच्या ऐन उन्हात धबधब्यांवर बोलायला उभे राहणे म्हणजे शिमग्यात आकाशकंदील टांगण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी कोणी म्हणाले तर आम्हांस राग येणार नाही. परंतु कोकणातली आगोटीची बेगमी केव्हा होते, याचा विचार करावा. घराची शाकारणी, लाकूडफाटा, सुकी मासळी, पापड, सांडगे हे सारे पाऊस दारात यायच्या आधी उरकलेले असते. धबधब्यांची छायाचित्रे काढण्यासाठी गाडी घेऊन निघणाऱ्या मंडळींनी हीच घरची रीत पाळावी, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. ही सहल श्रावणात करावी. पण तिचा आरंभ वैशाखात झाला पाहिजे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची घडणच धबधब्यांना अनुकूल आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी, पश्चिमेला समुद्र, आणि मधली पट्टी अरुंद. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले असल्यामुळे डोंगराचा उतार पायऱ्यांसारखा तुटत गेला आहे. वरचे पाणी त्या पायरीवर आले की उडी घेण्याखेरीज त्याला गत्यंतर नसते. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या आपल्या नद्या अशा आखूड आणि घाईच्या आहेत. सकाळी घाटमाथ्यावर पडलेले पाणी खाडी गाठायला फार वेळ लावीत नाही. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे, कारण सहलीचे सौंदर्य आणि सहलीचा धोका या दोहोंचे मूळ याच घाईत आहे.

आता बेत आखू. रत्नागिरीहून निघावे, हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग धरावा आणि उत्तरेकडे वळावे. थोड्याच अंतरावर निवळीचा धबधबा लागतो. पुढे उक्षी स्थानकाजवळचा रानपाट धबधबा. कोकण रेल्वेच्या मार्गाने त्याला चांगलीच प्रसिद्धी मिळवून दिली. तेथून संगमेश्वर, देवरुख आणि मारळ गावावरून मार्लेश्वर. शेकडो पायऱ्या चढून गेले की गुहेतला शंकर आणि समोर सह्याद्रीच्या कड्यावरून उतरणारा धारेश्वर. पहिला दिवस येथे संपवावा. देवरुखाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी चिपळूण गाठावे आणि परशुराम घाटाजवळचा सवतसडा पाहावा. दोन दिवसांत चार धबधबे पुरेत. एका दिवसात सात-आठ ठिकाणे उरकणारी मंडळी असतात. त्यांच्याजवळ चित्रे पुष्कळ जमतात, पण प्रत्येक चित्रात गाडीत परतण्याची घाई दिसते.

केव्हा जावे? पहिल्या पावसात जाऊ नये. मृगाचे पाणी जांभ्याची माती घेऊन येते आणि धबधबा तांबडा, गढूळ दिसतो. आषाढात पाणी अफाट असते, पण तुषार इतके उडतात की भिंग पुसता पुसता दिवस मावळतो. श्रावणाच्या मध्यावर पाणी निवळते, कातळावर शेवाळ आणि गवत धरते, भातखाचरे हिरवी झालेली असतात. ढगाळ दिवसाचा हिरमोड मानू नये. उन्हात पांढरे पाणी डोळे दिपवते आणि चित्रात त्याचा नुसता चुना होतो. ढगांतून गाळून आलेला उजेड पाण्यालाही न्याय देतो आणि काळ्या दगडालाही. मात्र गणपतीच्या आदल्या आठवड्यात हा महामार्ग चाकरमान्यांचा आहे. त्या दिवसांत आपण आपली हौस घरी ठेवावी.

कॅमेऱ्याविषयी थोडे सांगतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपलेल्या पाण्याचे थेंब हवेत गोठलेले दिसतात. अर्धा सेकंद पडदा उघडा ठेवला तर तेच पाणी दुधाच्या धारेसारखे उतरते. दोन्ही खरी, दोन्ही करून पाहावीत. दुसऱ्या प्रकाराला ट्रायपॉड हवाच. तो नसेल तर कॅमेरा दगडावर टेकवून काम भागते, आणि आजच्या मोबाइललाही तोच नियम लागू आहे. गारेगार गाडीतून यंत्र एकदम दमट हवेत काढले की भिंगावर धुके जमते. म्हणून पोहोचण्याआधी थोडा वेळ गाडीचे थंड यंत्र बंद करून काचा उघडाव्यात. सुती मऊ फडकी चार-पाच घ्यावीत. चित्रात कोठे तरी एखादी पाखाडी, एखादा साकव, एखादे माणूस येऊ द्यावे. त्यावाचून पाहणाऱ्याला धबधब्याची उंची उमगत नाही.

हे सारे ज्ञान पुस्तकांतून आणि मित्रांकडून मिळते. जे मिळत नाही ते वैशाखात मिळते. आता, या आठवड्यात, त्याच वाटेने जाऊन पाहा. धबधब्याच्या जागी उघडा कातळ दिसेल. पायथ्याचा डोह कोठे खोल आहे, कोठे कपार आत गेली आहे, कोणता दगड अधांतरी टेकलेला आहे, हे सारे उघडे पडलेले असते. श्रावणात याच गोष्टींवर फेसाचे पांघरूण पडते. कॅमेरा कोठे ठेवायचा ते आताच ठरवावे, आणि ओढा न ओलांडता परत येण्याची वाट कोणती तेही आताच ठरवावे. अशी वाट नसेल तर ती जागा सोडून द्यावी. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारावे: 'काका, पाणी कुठवर चढते?' तो हात करून दाखवील ती रेषा कोणत्याही नकाशात सापडावयाची नाही.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आपण जाणताच. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती पोहायला उतरली नव्हती. प्रवाहात उभी होती, पाणी वाढले, आणि काठ दिसत असूनही काठावर येता आले नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री आपल्याच महामार्गावर महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह गेल्या. तेथे तर कोणी हौसेलाही गेले नव्हते. अशा रस्त्यावर केवळ छंदासाठी निघणाऱ्याने परत फिरण्याची अट निघण्यापूर्वी ठरवली पाहिजे. हवामान खात्याने लाल इशारा दिला, म्हणजे चोवीस तासांत 204 मिलिमीटरांहून अधिक पावसाची शक्यता वर्तवली, तर निघूच नये. नारिंगी इशारा असेल तर घाटात शिरू नये. पायथ्याशी ऊन आणि माथ्यावर काळोख दिसला, स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, आवाज भारी झाला, तर कॅमेरा आवरीत बसू नये. उठावे आणि वर चढावे. आणि ही अट मोडण्याचा अधिकार मंडळींपैकी कोणालाही असू नये. एकाने 'नको' म्हटले की बेत फिरला, असा करार असावा. हौशी माणसाला भित्रा म्हणवून घेण्याची लाज वाटते, आणि पुष्कळ घरांतले दिवे त्या लाजेने विझले आहेत.

रुळांविषयीही असेच. गाडी आणि धबधबा एकाच चौकटीत पकडण्याचा मोह आम्ही समजू शकतो. पण रुळांवरून चालणे हा गुन्हा आहे. 2023 च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून गेलेल्या तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्यावर सारा देश हसला. पावसात वळणावरून येणाऱ्या गाडीचा आवाज धबधब्याच्या गर्जनेत बुडतो, हे मात्र हसण्यासारखे नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. वैशाखात त्या वाटेने जाल तेव्हा आणखी एक दृश्य दिसेल. ज्या वाडीच्या माथ्यावर श्रावणात धार कोसळते, तिच्याच विहिरीवर आज बायका हंड्यांची रांग लावून उभ्या असतात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. कोयनेचे पाणी बोगद्यांतून साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून पोफळीला उतरते, वीज देते आणि वाशिष्ठीला मिळते. जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा धबधबा डोंगराच्या पोटात आहे. त्याचे चित्र कोणाला काढता येत नाही. पण अडवलेल्या आणि वळवलेल्या पाण्याने काय होते ते तो रोज सांगतो. वाडीवरची धार मात्र चार महिने आपल्याला मोहवते आणि खाडीत निघून जाते.

म्हणून प्रत्येक ठिकाणची दोन चित्रे काढावीत अशी आमची विनंती आहे. एकच जागा, कॅमेरा त्याच दगडावर, एक चित्र वैशाखाचे आणि एक श्रावणाचे. दोन्ही शेजारी शेजारी लावावीत, खाली गावाचे नाव व तारीख लिहावी, आणि त्याची एक प्रत त्या गावच्या शाळेला द्यावी. नुसते श्रावणाचे चित्र पाहून आणखी शंभर गाड्या येतील, बाटल्या टाकतील आणि जातील. दोन्ही चित्रे पाहणारा विचारील की एवढे पाणी गेले कोठे. हा प्रश्न एखाद्या ग्रामसभेत उठला, एखाद्या पऱ्यावर वेळेवर बंधारा पडला, तर छायाचित्रकाराचे पेट्रोल सार्थकी लागले असे आम्ही म्हणू.

रोहिणी नक्षत्र लागायला अजून थोडे दिवस आहेत. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी रविवारी सकाळी निघावे. सोबत पाणी घ्यावे, कारण वाटेतल्या धबधब्यांवर ते मिळणार नाही.