चेंडूच्या आधी कोच



झिंबाब्वेतल्या बुलावायो शहरात ‘हायलँडर्स’ नावाचा एक जुना फुटबॉल क्लब आहे. त्या शहराचा या क्लबावर फार जीव. सन 2000च्या सुमारास त्या देशातल्या प्रौढ माणसांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एचआयव्हीबाधित होता. औषधे महाग होती, ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचतच नव्हती, आणि ज्यांच्या नावाने मैदान दुमदुमायचे असे खेळाडूही या रोगाने जात होते. तरीही रोगाचे नाव घरात कोणी काढत नसे. अशा वेळी, या क्लबाकडून खेळलेले आणि पुढे बालरोगतज्ज्ञ झालेले टॉमी क्लार्क, झिंबाब्वेचेच खेळाडू मेथेम्बे न्डलोवू आणि त्यांचे सहकारी यांनी 2002मध्ये ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था काढली. त्यांचा विचार साधा होता: जो विषय आईबाप बोलत नाहीत आणि शिक्षक टाळतात, तो पोरे ज्यांचे ऐकतात अशा खेळाडूंनी मैदानावर बोलावा. या प्रयोगाला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यातून काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे आज आपण तपासून पाहू. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या कामात मुलांना बदलण्याची ताकद फुटबॉलच्या खेळात फारशी नाही. ती चेंडू घेऊन येणाऱ्या माणसात आहे, आणि पैसा व कष्ट त्या माणसावर खर्च व्हायला हवेत.

आधी मैदानावर काय चालते ते पाहू. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एका रांगेतली मुले पाठीमागून चेंडू हातोहात सरकवतात, आणि तो कोणाकडे आहे हे समोरच्यांनी चेहऱ्यावरून ओळखायचे. अंदाज बहुतेक वेळा चुकतात. मग कोच विचारतो की चेंडू म्हणजे एचआयव्ही असता तर? तोंडाकडे पाहून कोणाला लागण आहे हे कळत नाही, त्यासाठी तपासणीच हवी, ही गोष्ट मुलाला स्वतःच्या फसलेल्या अंदाजातून कळते. दुसऱ्या खेळात मैदानावर शंकू मांडलेले असतात. एक म्हणजे वयाने बराच मोठा जोडीदार, एक म्हणजे कंडोमविना संबंध, एक म्हणजे एकाच वेळी अनेक जोडीदार, एक म्हणजे दारू. त्यांना न शिवता चेंडू न्यायचा. शंकूला धक्का लागला की आधी त्या मुलाने जोर काढायचे, पुढच्या फेरीत त्याच्या संघाने, आणि नंतर सगळ्यांनीच. एकाच्या चुकीची झळ घराला आणि वस्तीला कशी लागते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खेळ चतुर आहेत यात शंका नाही. पण असा खेळ रचणे अवघड नाही, आणि मुलाला तो आवडला म्हणजे त्याचे वागणे बदलले असेही होत नाही.

म्हणून पुरावा पाहायला हवा, आणि सर्वांत बोलका पुरावा पुन्हा बुलावायोतलाच आहे. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण वैद्यकीय सुंतेमुळे सुमारे 60 टक्क्यांनी कमी होते, हे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या चाचण्यांनी दाखवून दिल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2007मध्ये आफ्रिकेतल्या जास्त प्रादुर्भावाच्या देशांना ती सुचवली. अडचण अशी, की धडधाकट तरुण शस्त्रक्रियेसाठी आपणहून येणार कसा? बुलावायोत 26 माध्यमिक शाळांतल्या 14 ते 20 वर्षांच्या बाराशेहून अधिक मुलांवर रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. तासाभराचे एक फुटबॉलचे सत्र झाले. कोच स्वतः सुंता करून घेतलेला तरुण होता. भीती वाटली होती का, दुखले का, नंतर काय झाले, हे त्याने मुलांना सांगितले. पुढे तो फोन करत राहिला, आणि तयार झालेल्या मुलाबरोबर दवाखान्यापर्यंत गेला. जिथे हा कार्यक्रम झाला तिथे 12.2 टक्के मुलांनी सुंता करून घेतली, जिथे झाला नाही तिथे 4.6 टक्क्यांनी. याआधी फुटबॉल संघांतल्या प्रौढ पुरुषांवर झालेल्या चाचणीत हेच आकडे 4.8 आणि 0.5 असे होते. हे आकडे फुगवून सांगू नयेत. शंभरातली सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी मुले गेलीच नाहीत, हेही त्याच चाचणीने दाखवले. पण तासाभराच्या सत्राने आणि नंतरच्या पाठपुराव्याने असा फरक पडावा ही लहान गोष्ट नव्हे. आणि संशोधकांनी मुलांशी बोलून कारण शोधले तेव्हा कोचशी जडलेले नाते हेच पुढे आले.

यावर सगळ्यात भक्कम आक्षेप केपटाऊनहून येतो. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या तरुण पुरुषांवर फुटबॉल आणि व्यवसाय प्रशिक्षण यांचा एचआयव्ही व व्यसनप्रतिबंधासाठी उपयोग होतो का, याची चाचणी झाली. 2023मध्ये तिचा निष्कर्ष आला तो स्पष्ट नकाराचा होता: हे मार्ग परिणामकारक नाहीत. तो लपवून या विषयावर बोलणे अप्रामाणिक ठरेल. मग बुलावायोत जे झाले ते केपटाऊनला का होऊ नये? मला फरक असा दिसतो. बुलावायोत मागणी एकच होती, ठरावीक होती, एकदा करून संपणारी होती, आणि ती पुरी करणारा दवाखाना तयार होता. केपटाऊनमध्ये दारू, नशा, बेकारी, लैंगिक वर्तन हे सगळे एकदम बदलायचे होते, आणि तेही मोठ्या झालेल्या, रोजगार नसलेल्या माणसांचे. आठवड्याच्या सरावाने बेकारी हटत नाही. खेळाने आरोग्य शिकवणाऱ्यांनी आपली मर्यादा इथे ओळखावी. मुलाला ते चाचणीच्या खोलीपर्यंत, औषधाच्या खिडकीपर्यंत नेऊ शकतात. दारिद्र्याशी लढायला दुसरी हत्यारे लागतात.

दुसरा आक्षेप मुलींविषयीचा, आणि तो रास्त आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत 2023मध्ये झालेल्या नव्या लागणींपैकी 62 टक्के स्त्रिया आणि मुलींच्या होत्या. मैदान पुरुषांचे राहिले तर ज्यांना धोका जास्त त्याच बाहेर राहतील. मुलींचे वेगळे संघ, महिला कोच आणि पुरुषांच्या नजरेपासून मोकळी जागा हाच त्यावरचा उपाय आहे, आणि ‘ग्रासरूट सॉकर’नेही मुलींसाठी तसे स्वतंत्र कार्यक्रम उभे केले.

कोणी म्हणेल, आता औषधे आली, मग खेळाची काय गरज? औषधांनी क्रांती केली हे खरेच. नियमित उपचाराने रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला, की त्या व्यक्तीपासून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. वर्षातून दोनदा घ्यायच्या ‘लेनाकापाविर’ या प्रतिबंधक इंजेक्शनची दक्षिण आफ्रिका आणि युगांडात चाचणी झाली. 2024च्या निष्कर्षानुसार ते घेतलेल्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण हे इंजेक्शन घ्यायला सतरा वर्षांच्या मुलीला आधी दवाखान्याची पायरी चढावी लागते, आणि तिथे कोणी पाहील, नाव घेईल, ही भीती औषधाने जात नाही. उलट औषधे जितकी चांगली, तितके त्यांच्यापर्यंत हात धरून नेणारे माणूस मोलाचे. 2025च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक एचआयव्ही कार्यक्रमांना तडाखा बसला. अशा वेळी वस्तीतली अशी माणसे हाच टिकाऊ आधार असतो.

आता आपल्याकडे पाहू. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची देशातली सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. याच महाराष्ट्रात 2007मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी घातली गेली, आणि मुले बिघडतील हे कारण सांगितले गेले. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने नेमका उलटा निष्कर्ष काढला आहे: असे शिक्षण मिळालेली मुले लवकर संबंध ठेवू लागत नाहीत. माहिती नाकारल्याने कुतूहल संपत नाही, ते मोबाइलकडे वळते. आपल्याकडे मैदाने आहेत, आणि खेळातून वस्तीतल्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा अनुभवही आहे. नागपुरात विजय बारसे यांनी 2001पासून ‘स्लम सॉकर’ उभे केले. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे यांच्याच कामावरून आला, पण पडद्यावर पाहून टाळ्या वाजवण्यापलीकडे आपण त्यातून फार काही घेतले नाही.

म्हणून या व्यासपीठावरून माझी विनंती आहे, विशेषतः नगरपालिका, क्रीडामंडळे आणि आरोग्य विभागात काम करणाऱ्यांना. पुढच्या वेळी आरोग्यदिनाच्या नावाने चषक, टी-शर्ट आणि मंडपावर खर्च करण्याआधी त्या रकमेतून आपल्या वस्तीतली दहा तरुण मुले-मुली निवडा. त्यांना नीट प्रशिक्षण द्या, दरमहा मानधन द्या आणि जवळच्या तपासणी केंद्रातल्या समुपदेशकाशी त्यांची ओळख करून द्या. चेंडू त्यानंतर विकत आणा.