तोंड वांकडें झालें तर वीज लावावी काय?

सकाळीं चूळ भरतांना पाणी ओठांच्या एकाच कोपऱ्यांतून ओघळूं लागतें. आरशांत पाहावें तों अर्धा चेहरा जणूं परक्याचा! डोळा मिटूं म्हटलें तरी मिटत नाहीं. घरांत धांदल उडते आणि संध्याकाळच्या आंत कोणीतरी विजेच्या यंत्राचें नांव काढतोच.

चेहरा हालविणारा मज्जातंतु कानाजवळच्या हाडांतील अरुंद बोगद्यांतून बाहेर येतो. तेथें सूज आली कीं तो चेंगरतो. सर चार्लस बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्याचें नांव या विकारास मिळालें आहे. पुढें पॅरिसच्या ड्युशेन या वैद्यानें एका वृद्धाच्या चेहऱ्यावर विजेचीं टोकें टेकवून हसूं, भय, दुःख हवें तेव्हां उमटविलें, आणि तीं छायाचित्रें १८६२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. डार्विनलाही त्यांचा मोह पडला! विजेनें स्नायु हालतो, तर विजेनेंच तो बरा कां होऊं नये, असें कोणासही वाटेल. परंतु दारावरच्या घंटेची तार तुटली असतां घंटा हातानें वाजवितां येते. तार त्यामुळें जुळत नाहीं.

२०११ सालच्या कोक्रेन समीक्षेंत तोंवरच्या चाचण्या तपासल्या गेल्या. विजेचा निश्चित लाभ त्यांत दिसला नाहीं. मग ‘आमच्या मामांना गुण आला’ तो कसा? कांहींही उपचार न करितां शेंकडा सुमारें सत्तर रोगी पूर्ण बरे होतात. श्रेय मात्र यंत्राला!

यंत्राच्या खर्चापेक्षां मला भय वाटतें तें वायां जाणाऱ्या दिवसांचें. स्कॉटलंडमधील चाचणींत, जी २००७ सालीं प्रसिद्ध झाली, ७२ तासांच्या आंत प्रेड्निसोलोन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ९४ रोगी नऊ महिन्यांनीं पूर्ववत् झाले. तें न मिळालेल्यांपैकीं ८२. अर्थात् तें औषध डॉक्टरांनींच द्यावयाचें. मधुमेह असल्यास तर विशेषच. शिवाय कपाळाला आठी घालतां येते पण तोंड वांकडें आहे, हात लुळा पडला, बोलणें अडखळलें, तर तो पक्षाघात असूं शकेल. तेव्हां क्षणभरही न थांबतां रुग्णालय गांठावें.

जुन्या, न सुधारलेल्या विकारांत विजेचे प्रयोग अद्याप चालू आहेत. तो वाद मिटलेला नाहीं. पहिल्या आठवड्यांत मात्र लक्ष हवें तें न मिटणाऱ्या डोळ्याकडे. दिवसा डॉक्टरांनीं सांगितलेले थेंब, रात्रीं मलम, आणि झोंपण्यापूर्वीं पापणी हलक्या हातानें मिटवून वर चिकटपट्टी; एवढें घरच्या माणसांनींच पाहावयाचें असतें.