शर्यत स्वतःच्याच वेळेशी

देवळाली प्रवरेच्या उसाच्या शिवारांतून पहाटे धावणाऱ्या एखाद्या तरुणास मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटरांचे अंतर आपल्याच पूर्वीच्या वेळेहून कमी वेळात तोडावयाचे असेल, तर त्याने सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या, मोही गावच्या ललिता बाबर यांचा दाखला अवश्य ध्यानी घ्यावा. २०१४ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये त्यांना २ तास ५० मिनिटे ३१ सेकंद लागले. पुढल्याच वर्षी तेच अंतर त्यांनी २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत संपविले, म्हणजे दर किलोमीटरमागे सुमारे १७ सेकंदांची बचत, आणि तीही बेचाळीस वेळा! ही बचत आरंभीच्याच जोशात पदरात पाडू पाहणाऱ्याची पुढे मोठी दैना होते; कारण स्नायूंत व यकृतात साठलेल्या शर्करेची शिल्लक बहुधा तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपुष्टात येते, आणि मग पाय हुकूम मानीत नाहीत. सबब जाणता धावपटू पहिला टप्पा मुद्दाम संयमाने धावतो, वाटेत घोटघोट साखरपाणी घेतो, आणि शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे सराव उत्तरोत्तर कमी करीत नेतो. हे शेवटचे पथ्यच उत्साही मंडळींना सर्वांत जड जाते.